रेनोच्या पिंपातलं पेट्रोल

हेल्मीने गाडीचा कार्ब्युरेटर बदलावा, हे सांगून सांगून उत्तर मिशिगनमधल्या त्या गावाच्या तोंडाला फेस आला होता. गाडी बर्फावर पळणारी, स्नोमोबाइल, एकाहत्तर सालची, तिच्या नवऱ्याची, आर्वोची. तो गेल्यापासून दोन्ही हिवाळे ती गोठलेल्या तळ्यावरच्या जुन्या गाड्यांच्या फेरीत बंद पडली होती. यंदा फेरी भरवणाऱ्या क्लबाने ठरवलं, नवा कार्ब्युरेटर बसवा, नाहीतर यादीतून नाव कट. क्लबाचा अध्यक्ष रेनो, आर्वोचाच धाकटा भाऊ.

लोक म्हणत, आर्वोचा हात गेला आणि गाडीचा जीव गेला. तीस वर्षं शाळेची बस हाकलेली हेल्मी, पण ऐकून ऐकून तिलाही वाटू लागलं होतं की चूक आपलीच आहे. असं वाटल्याचा तिला भयंकर राग यायचा.

फेरीच्या सकाळी तिने कार्ब्युरेटर पुन्हा उघडला. पेट्रोल खेचणारा आतला रबरी पडदा पापडासारखा कडक झाला होता. महिन्यापूर्वीच नवा घातलेला. घरच्या डब्यातल्या पेट्रोलवर गाडी अंगणात सुरळीत चालली होती. मागच्या रविवारी सरावाला मात्र नियमाप्रमाणे क्लबाच्या पिंपातून टाकी भरली होती. आर्वो होता तोवर ते पिंप त्याच्याकडे असे. आता रेनोकडे.

तिने दुसरा पडदा बसवला, टाकी रिकामी करून घरचं पेट्रोल भरलं आणि काचेची बरणी घेऊन तळं गाठलं.

पिंपापाशी सगळे कॉफी पीत उभे होते. तिने बरणीत दोन बोटं पाणी घेतलं, पेनने रेघ मारली, वरून पिंपातलं पेट्रोल ओतून बरणी हलवली. जरा वेळाने पाणी खाली बसलं, पण त्याची पातळी रेघेच्या चांगली वर.

"पाणी वाढलं कसं रे, रेनो? पेट्रोल तर पाण्यात मिसळत नाही. स्पिरिट मिसळतं."

"बाटलीभर टाकतो मी. नळी गोठू नये म्हणून. सगळेच टाकतात, वहिनी."

"आर्वो टाकायचा?"

रेनोने पिंपाचं झाकण लावलं.

"म्हणजे पडदे खाल्ले तुझ्या बाटलीने, आणि अक्कल शिकवली गावाने मला."

"बाकीच्यांच्या गाड्या पळतात की त्यावर. त्यांनी कार्ब्युरेटर बदलले, नव्यातलं रबर स्पिरिटला टिकतं. तुम्हीही बदला, हट्ट सोडा."

"बदलायचं ते पिंपात बदल."

"घरचं पेट्रोल नियमात बसत नाही. मी झेंडा दाखवणार नाही."

"नको दाखवूस. तळं काही तुला सासऱ्याने आंदण दिलेलं नाही."

कुणीतरी खुदकन हसलं. हेल्मीने गाडी सुरू करायची दोरी ओढली. एकदा, दोनदा नुसती खोकली गाडी. रेनोच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. तिसऱ्यांदा गाडीने धूर सोडला आणि हेल्मी झेंड्याकडे न बघता निघाली.

बारा मैलांची फेरी. गेल्या दोन वर्षांत तिला अर्धीही जमली नव्हती. वारा डोळ्यांत पाणी आणत होता, की ती रडत होती, तिचं तिलाच कळेना. गाडी एकदाही अडखळली नाही.

ती परतली तेव्हा रेनो पिंपाशीच होता. त्याने खाली बघत म्हटलं, "झकास चालली हो दादाची गाडी."

हेल्मीने हातमोजे काढले. बोटं पेट्रोलने फाटलेली, नखांत काळं.

"दादाची कशी? दोन वर्षं मी उघडतेय ती," ती म्हणाली. "माझी आहे. यादीत घालायचं असेल, तर माझ्या नावाने घाल."