धुराच्या खोलीबाहेर मी, एक पगडी

"टोक घट्ट धर, पण चिडून ओढू नकोस. आधी देवाचं नाव, मग घडी." पहिल्या दिवशी मला बांधताना आई लेकाला असं म्हणाली होती.

मित्रांनो, मी एक जुनी पगडी आहे. पाच मीटर मलमल. सैनिकी हिरवा रंग मला आईनंच पातेल्यात दिला. दोनदा तो शेवाळासारखा झाला, तिसऱ्यांदा जमला.

परदेशात वाढलेला लेक तिथल्याच सैन्यात भरती झाला. त्याच्या शीख धर्मात केस कापत नाहीत, सैन्यात मात्र डोकं भादरायचं आणि हनुवटी गुळगुळीत करायची. गणवेशाच्या अर्जात 'टोपीचं माप' असा रकाना होता. त्यानं सरळ मनानं 'पाच मीटर' लिहिलं. कारकुनानं चष्मा पुसून विचारलं, डोकं आहे की तंबू?

मग वरून हुकूम आला. दाढीवर विषारी वायू अडवणारा मुखवटा हवाबंद बसला तर राहा. नाही बसला तर केस काप, नाहीतर घरी जा.

परीक्षेच्या सकाळी लेकानं दाढी विंचरली, मलम लावून वळली आणि घट्ट बसवली. मला उतरवून घडी घातली आणि तो ठेवायला जागा शोधू लागला. त्याच्या तुकडीचे सार्जंट म्हणजे चादरीची घडीही पट्टीनं मोजणारे. ते हळूच म्हणाले, "जमिनीवर ठेवत नाहीत ना? दे इकडे. आणि ऐक, मुखवटा टिकला तर नियम बदला असं मी स्वतः वर लिहीन."

मुखवटे चढवून सगळे जवान खोलीत गेले, दार लागलं. आत झोंबरा धूर भरला. दहा मिनिटं सार्जंटनी मला दोन्ही तळव्यांवर धरलं होतं, झोपलेलं बाळ धरावं तसं.

वेळ संपली. गुळगुळीत हनुवटीचा एक जवान पट्टा सैल राहिल्यामुळे नाक पुसत, खोकत बाहेर आला. शेवटी लेक आला. मुखवटा काढला, तर डोळे कोरडे!

"सर, आत जरा डुलकी लागत होती," तो म्हणाला.

खोकणारा जवान म्हणाला, "मग मीही दाढीच ठेवतो." सगळं मैदान हसलं. माझा तर पीळन् पीळ हसला.

आता माझा रंग उडालाय, काठ विरलेत. मित्रांनो, दुसऱ्याच्या श्रद्धेची वस्तू हाती आली, तर ती अशीच दोन्ही हातांनी धरा. एवढंच मागणं.

त्या परीक्षेच्या दुपारी सार्जंट जेवायला गेले नाहीत. त्यांनी एक कोरा कागद घेतला, टोपी नीट केली आणि ते कार्यालयाकडे चालू लागले.