न झाडलेली रायफल

वेंडेल हार्स्टाडने सत्तेचाळीस वर्षं एक रायफल झाडली नाही, आणि त्याला याचा इतका अभिमान होता की सगळ्या तालुक्याला ते पाठ झालं होतं. अमेरिकेला स्वतंत्र होऊन दोनशे वर्षं झाली त्या साली कंपनीने ती मुद्दाम काढली होती. अंगावर सोनेरी नक्षी, दस्त्यात गरुडाचा बिल्ला, आणि गोळी वर चढवायच्या लिव्हरला दोऱ्याने बांधलेली कागदी चिठ्ठी. लिव्हर एकदा जरी ओढली तरी आत ओरखडा उठतो आणि किंमत पडते, असं विकणाऱ्याने बजावलं होतं. वेंडेल ती डोळ्यांत तेल घालून जपत आला.

तिच्यासाठी त्याने बापाची जुनी रायफल देऊन टाकली, वर दोनशे डॉलर मोजले. जुनीची नळी अष्टकोनी होती, दस्ता खोगिराला घासून गुळगुळीत झाला होता. "भंगार होतं ते," असं तो नंतर सांगत राहिला, जरा जास्तच वेळा. स्वतः मात्र दर मोसमात शेजाऱ्याची बंदूक मागून शिकारीला जायचा.

एकुलती एक पोर कारिन हट्ट करायची. "बाबा, एकदाच नेऊ द्या ना."

"तुझ्यासाठीच ठेवलीय ती. ठेवणीतल्या वस्तूला हात लावायचा नसतो."

पुढे कारिनने शिकारीचं नावच टाकलं. पोरीच त्या, कंटाळणारच, असं म्हणून वेंडेल मोकळा झाला. आता ती सत्तावन्न वर्षांची होती आणि वर्षातून दोनदा बापाला भेटायला येई. जमीन गेली होती, गुरं गेली होती. लेकीला देण्यासारखं एवढंच उरलं होतं. बाप शहाणा होता, हे तिच्यादेखत कुणीतरी म्हणावं, एवढ्यासाठी तो तिला मार्व्ह ओल्सनच्या बंदुकांच्या दुकानात घेऊन आला.

मार्व्हने खोकं उघडलं आणि कॉफीचा घोट घेतला.

"कोरी आहे," वेंडेल म्हणाला. "खोकं, कागद, चिठ्ठी, सगळं जिथल्या तिथे."

"वापरायची होतीस की, लेका."

"म्हणजे?"

"अरे, तेव्हा सगळ्यांनीच घेतल्या आणि सगळ्यांनीच जपल्या. इथे प्रत्येक पलंगाखाली एक निघते. कोरी असेल तर नऊशे देईन."

वेंडेलला आधी वाटलं, हा थट्टा करतोय. मग त्याची नजर भिंतीवर गेली. तिथे एक जुनी, अष्टकोनी नळीची रायफल टांगली होती. "आणि ती?"

"सहा हजार. एका म्हातारीच्या कोठारात सापडली. कुणी शहाण्याने घासूनपुसून नवी केली नव्हती, हे नशीब."

"आजोबांची अशीच होती," कारिन म्हणाली.

"मग कुठंय ती?"

"हिच्या बदल्यात दिली बाबांनी."

मार्व्ह भला माणूस. तो खाली वाकून चिठ्ठी बघत बसला. बघता बघता त्याच्या कपाळाला आठी पडली. "वेंडेल, हा दोरा कंपनीचा नाही."

"वेड लागलंय तुला."

"आईच्या क्रोशाचा आहे," कारिन शांतपणे म्हणाली. "मी बांधला. बाबा अपेंडिक्ससाठी दवाखान्यात होते, तेव्हा नेली होती मी. एकच गोळी झाडली."

वेंडेलने मार्व्हच्या हातातून रायफल ओढून घेतली, दोरा तोडला, लिव्हर खाली केली आणि चष्मा वर सारून आत बघितलं. बारीकसा पितळी ओरखडा होता.

"कशावर झाडलीस?"

"ओढ्याकाठी हरण होतं. चांगला मोठा नर. जागच्या जागी पडला."

"मग मांस?"

या मुलखात मारलेल्या जनावराचं मांस टाकून येणाऱ्याशी माणसं बोलणं सोडतात. वेंडेलनेही एका शेजाऱ्याशी सोडलं होतं, पार त्याच्या मरणापर्यंत.

"टाकून आले," कारिन म्हणाली. "घरी आणलं असतं तर कशाने मारलं, ते विचारलं असतंत. दोन दिवसांनी बघायला गेले. कोल्ह्यांनी काही ठेवलं नव्हतं. मग परत शिकारीला जायचं तोंडच राहिलं नाही."

"झाडलेली म्हणजे साडेसहाशे," मार्व्ह पुटपुटला आणि उगाच बोललो असं वाटून आतल्या खोलीत गेला.

"सोळा वर्षांची होतीस तू," वेंडेल म्हणाला. "मला सांगायचंस, पोरी."

"सांगून काय झालं असतं? तुम्ही आधी रायफल बघितली असतीत."

वेंडेलने खाली बघितलं. अजूनही रायफल त्याच्याच हातात होती, चष्मा कपाळावर होता.