गिऱ्हाईक म्हणून

तेराव्याच्या दानात छत्री आणि चपलांबरोबर दत्तोपंतांचं चावीचं घड्याळही गेलं. त्यांच्या बहिणीनं, सरोजिनीआत्यांनीच, ते ताटात ठेवलं होतं. दत्तोपंतांच्या लेकीला, दमयंतीला, ते कळेपर्यंत गुरुजी उस्मानपुऱ्याबाहेर पोचले होते. दिलेलं दान परत मागायचं नसतं.

पण महिन्याभरानं गुरुजींच्या मनगटावर सेलचं नवंकोरं घड्याळ दिसलं, आणि तिनं विचारलंच. जुनं त्यांनी गुलमंडीवर, हबीबभाईंच्या दुकानात विकलं होतं.

"आत्या, विकत घेतलं तर चालेल ना?"

"चालेल. पण गिऱ्हाईक म्हणून जा. बापाचं आहे म्हणून फुकट आणलंस, तर दान परत घेतल्यासारखं होईल. मग दादा तिकडं वेळ कशात बघणार?"

एरवी कशाचीच घाई न करणारी दमयंती रिक्षावाल्याला सारखी "जरा लवकर" म्हणत होती.

दुकानात काचेखाली ते दिसलं! वेस्ट एंड कंपनीचं, पिवळी पडलेली तबकडी.

"वो दिखाइए."

"असली माल है बाई. निजाम के जमाने का."

दत्तोपंतांनी ते पोलीस अ‍ॅक्शननंतर, पहिल्या पगारातून घेतलं होतं. दमयंतीनं जीभ आवरली.

"काच फार खरवडलीय," ती म्हणाली. बापाच्या घड्याळाला नावं ठेवताना तिला हसू आवरेना.

"हौ. कोई उल्टा बांधता था, डायल अंदर को. टेबल पे घिस घिस के ये हाल. अजब आदमी!"

आपण घड्याळ बघतोय हे भेटायला आलेल्या माणसाला कळू नये म्हणून दत्तोपंत तसं बांधत. ओठांवर आलेलं तिनं गिळलं.

"नई काच डाल देऊं?"

"नको!" शेजारचा अत्तरवालासुद्धा वळून बघायला लागला.

हबीबभाईंनी चावी दिली, घड्याळ टिकटिकू लागलं. भाव ठरला, तिनं नोटा मोजून काचेवर ठेवल्या. ते हातात येताच तिनं भरभर पट्टा बांधला. बघते तो काय, तबकडी आतल्या बाजूला!

हबीबभाई तिच्या मनगटाकडं बघत राहिले.

"तुम्हारे अब्बा?"

तिनं मान डोलावली. त्यांनी तिच्या नोटा परत सरकवल्या. "ले जाओ बेटी. मरहूम की चीज का क्या मोल लेऊं?"

आता आली का पंचाईत!

"नाही, नाही! पूरा दाम लीजिए. हवं तर थोडे जास्तच लावा."

"ज्यादा?"

"मी गिऱ्हाईक आहे, हबीबभाई."

"ऐसा गिऱ्हाईक उम्रभर में नै देखा," म्हणत त्यांनी ठरलेले पैसे गल्ल्यात टाकले. गल्ला बंद झाल्याचा आवाज ऐकल्यावरच ती दुकानाची पायरी उतरली.

रिक्षात बसल्यावर तिनं हात मांडीवर ठेवला, तळवा वर करून. आपण घड्याळ बघतोय हे रिक्षावाल्याला कळत नव्हतं. उस्मानपुरा येईपर्यंत ती बघतच होती.