कावेरीबाईचा आवाज

ही २००६ सालची गोष्ट. भूकंपाला तेरा वर्षं झाली होती आणि लातूर शिकवणी वर्गांनी फुलून गेलं होतं. नांदेडची वहिदा भूकंपातून वाचलेल्या बायकांवर पीएचडी करत होती. किल्लारीच्या कावेरीबाईनं तिला टेपवर सांगितलं, "घराचं माळवद कोसळलं तवा दोन्ही लेकरं हाका मारत हुती. मी बबलूकडं पळाले. पोरगा हुता म्हणून. राजकन्या लई येळ वरडत हुती. बबलूला कळू देऊ नको, माय."

"मावशी, हे परदेशातले अभ्यासक ऐकणार. इथं कोण ऐकतंय?"

वहिदाला खरंच तसं वाटलं. परदेशी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मुलाखत चढवताना नाव झाकायची सोय होती. पण मग तिकडचे विद्वान विश्वास ठेवणार नाहीत, म्हणून तिनं खरं नावगाव लिहिलं.

बबलू लातूरला डॉक्टरकीच्या शिकवणीला होता. नेट कॅफेत मित्रांनी गंमत म्हणून त्याच्या गावाचं नाव शोधायला टाकलं.

"आबे, तुझी माय इंटरनेटवर हाय! लाव मोठ्यानं!"

सगळ्यांनी ऐकलं.

"पोरी, माझा बबलू दिवाळीला घरी आला न्हाई," कावेरीबाईनं फोनवर एवढंच सांगितलं. वहिदानं घाईनं विद्यापीठाला ईमेल केली. उत्तर आलं: आम्ही मुलाखत संकेतस्थळावरून काढली, पण अनेक देशांतल्या ग्रंथालयांनी प्रती आधीच घेतल्यात. अभिनंदन!

पुढं बबलू डॉक्टर झाला. मुलीचं नाव त्यानं राजकन्या ठेवलं आणि तिला आजी कधीच दाखवली नाही. कावेरीबाई वारली तेव्हाही तो आला नाही. वहिदा विभागप्रमुख झाली. तो आवाज परदेशातल्या वर्गांत अजून ऐकवतात.