राजापेठचा डबा

गीतांजलीने अकोल्याला आव्हान दिलं होतं आणि आता तिची इज्जत कडुनिंबाच्या ढोलीत अडकली होती.

जिओकॅशिंगचा खेळ तसा साधा. एकाने डबा लपवायचा, जागा मोबाइलवर टाकायची. दुसऱ्याने तो शोधून त्यातली एक वस्तू घ्यायची आणि तोलामोलाची एक ठेवायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र सुगावा लागू द्यायचा नाही. मागच्या महिन्यात अकोल्याच्या रईसाने लपवलेला डबा गीतांजलीला काही केल्या सापडला नव्हता, आणि ते तिला भारीच लागलं होतं. म्हणून तिने राजापेठच्या बाजारातल्या कडुनिंबात आपला डबा लपवला. आज रईसा लेकीला घेऊन तो शोधायला आली, लेकीने ढोलीत हात घातला, आणि ढोली रिकामी!

"नुसती हवाच लपवली का वं?" रईसा खुदकन हसली.

गीतांजली झाडाभोवती घिरट्या घालू लागली. तिचा नवरा देवानंद डबा शोधत कुणाच्या तरी स्कूटीखाली शिरला.

"काय हरपलं?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"कानातलं," गीतांजलीने ठोकून दिलं.

झालं! कानातल्याची पोत झाली, पोतीचं मंगळसूत्र झालं, आणि बघता बघता अर्धा बाजार खाली मान घालून धूळ चाळू लागला. झाडाखालची भाजीवाली माणिकबाई तर वांगी टाकून गुडघ्यांवर रांगू लागली.

"किती तोळ्याचं होतं वं बाई?" तिने कळवळून विचारलं.

गीतांजलीला हसू आणि रडू एकदमच फुटलं. "सोनं नाई वो मावशी! डबा होता. स्टीलचा. ढोलीत ठेवला होता."

"डबा? मंग तसं सांग ना! मले वाटलं, ट्यूशनच्या कोन्या लेकराचा राहिला. काल घरी नेऊन घासला म्या." माणिकबाईने टोपलीमागून डबा काढला. "आतल्या गोट्या अन् शिट्टी पदरात बांधून ठेवल्या. पन रिकामा डबा कसा वापस देऊ? सकाळीच सांबारवडी तळून भरली."

झाकण उघडलं आणि तळलेल्या कोथिंबिरीचा खमंग वास सुटला. मंगळसूत्र विसरून बाजार डब्याभोवती जमला.

रईसाने एक वडी तोंडात टाकली. मग दुसरी. मग पर्स उपसून किल्लीची साखळी, कंगवा, अत्तराची कुपी, एकेक वस्तू डब्याशेजारी धरून पाहिली आणि परत आत ठेवली.

"बदल्यात ठेवाले याच्या तोलाचं काईच नाई माह्याजवळ," ती म्हणाली. "हरलो आमी, गीतांजली. अकोला हरलं."

हेच ऐकायला गीतांजलीचे कान आसुसले होते! आता काहीतरी झणझणीत बोलायची संधी होती, पण तिच्या दोन्ही गालांत वड्या होत्या.