टिप्याची दुपार

कुत्र्याच्या पट्ट्याची बक्कल लावलेलीच होती, आणि तरी पट्टा रिकामा. धोंडीरामनं तो उलटसुलट करून पाहिला. आतून तांबूस केस चिकटलेले. म्हणजे कान मागे पाडून, मान आक्रसून टिप्या काल यातून निसटला असणार... पण का? इतकी वर्षं तो मोकळाच असायचा. आपण त्याला बांधायला लागलो ते गेल्या महिन्यात ओझरच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर — दुपारी फाटकाशी कुरकुरायचा, डोळा लागू द्यायचा नाही, म्हणून.

"केबलवाल्याला सांगा," शाळेतल्या नोकरीला निघताना त्याची बायको चांगुणा म्हणाली. "टीव्हीवर खाली हरवल्याची पट्टी फिरवतात ते."

केबलवाल्यानं रंग विचारला, मग खूण विचारली. कान चिरलेला, धोंडीराम म्हणाला, आणि थांबला. डावा की उजवा? रोज संध्याकाळी पायरीवर शेजारी बसणारा कुत्रा, आणि कान आठवेना. कंपनीच्या बसमध्ये त्याच्या मनात यायचं, चांगुणा शाळेत, आपण कामावर, हा एकटाच दिवसभर ओट्यावर आपली वाट बघत असेल... त्या विचारानं वाईट वाटायचं, आणि खरं तर बरंही वाटायचं.

सिडकोच्या गल्ल्यांतून विचारत विचारत तो पिठाच्या गिरणीमागं आला. एक म्हातारी दारात तांदूळ निवडत होती. साळूबाई, घोटीकडची.

"तांबडा? डावा कान चिरलेला?"

"हो... डावाच असावा."

"त्यो तर आमचा बाळू."

"बाळू?"

"रोज दुपारी यायचा. भाकर खायाचा आन् ह्यांच्या खाटंखाली पडायचा. ह्यांना लकवा झालाय, बोलता येत नाय. पन तो आला का हात खाली सोडायचे, त्याच्या डोक्यावं. महिना झाला, आलाच नाय. लय शोधला मी. म्हटलं, मेला वाटतं गाडीखाली."

महिना. धोंडीरामनं आत पाहिलं. खाटेवरून एक वाळका हात खाली लोंबत होता, जमिनीपासून वीतभर वर, बोटं किंचित वाकलेली — जणू काहीतरी हाताखाली आहेच.

"मी बांधून ठेवत होतो त्याला," तो म्हणाला. "आमचा आहे तो. टिप्या."

"आसंल," साळूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मंग काल सुटला तर हितं का नाय आला?"

हे त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं. घरी नाही, इथं नाही. मग तिसरं कुठलं दार? रविवारी दुपारी टिप्या दिसेनासा झाला, की चांगुणा म्हणायची, जातो तो कुठंतरी, येईल... म्हणजे तिला ठाऊक होतं. आपण ऐकलं होतं की नव्हतं? आणि शाळा सुटल्यावर चांगुणा तासभर उशिरा येते, ती कुठं बसते, हे तरी आपण कधी विचारलं?

साळूबाईनं सूप बाजूला ठेवलं, पायात चपला सरकवल्या. दोघं अंबडच्या रस्त्याला लागली. कंपन्यांच्या भिंतींमागं ती हाक मारायची, बाळू, बाळू, आणि तिचा आवाज विरायच्या आत तो मारायचा, टिप्या. दोन्ही नावं एकमेकांत अडकत होती. वळणावरून आत्ता तो आलाच, तर कुणाकडे धावेल? आपल्याकडे यावा, असं धोंडीरामला वाटलं. लगेच तो लोंबणारा हात आठवला, आणि काय वाटतंय तेच कळेनासं झालं.

नाल्याशी पोचेपर्यंत साळूबाईचा घसा बसला. ती खोकत थांबली.

"बाळू," धोंडीरामनं हळूच म्हणून पाहिलं. मग जरा मोठ्यानं. नाव तोंडाला परकं लागत होतं. पण पायरीवर बसलेला, इतका वेळ डोळ्यांसमोर असलेला टिप्या त्याबरोबर पुसला गेला, आणि त्या जागी खाटेखालचा अंधार आला, त्यात कोणीतरी निवांत श्वास घेत पडलेलं — ते आपलं होतं की कधीच नव्हतं, त्याला सांगता येईना, तरी तो हाक मारत राहिला.