मेणातलं काळीज

बाळंतपणाची रजा संपवून मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत परतले, तर माझ्या मायक्रोटोमवर शिट्टी बसलेली. नवी मुलगी. काम करताना ओठांचा चंबू करून शीळ घालते, म्हणून सगळ्यांनी ठेवलेलं नाव. मेणात बसवलेल्या ऊतींचे केसाहून पातळ काप काढायचं ते यंत्र मी वर्षानुवर्षं हाताळलेलं. आयत्या बिळावर नागोबा!

"ताई, तुमचं मशीन काय गोड चालतं हो!"

"चालायला मी शिकवलंय त्याला."

मला काप चिकटवलेल्या काचपट्ट्या रंगवायला बसवलं. बुडव, धू, वाळव. पलीकडे तिच्या पात्यावरून एकाला एक चिकटलेल्या कापांची रिबन न तुटता सरसर उतरायची आणि इकडे माझ्या पोटात दुखायचं. एकदा तरी चुरगाळावी, म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

मग पीएचडी करणारा दाढीवाला मेणाचा एक ब्लॉक घेऊन आला. "काळजाचा तुकडा आहे. एवढाच उरलाय. बिघडला तर सगळा प्रयोग पहिल्यापासून."

"कुणाच्या काळजाचा?" शिट्टीने विचारलं.

"उंदराच्या, बये! आणि हा ताईच कापतील."

मी अशी फुलले म्हणून सांगू! शिट्टी उठली. मी पातं बदललं, ब्लॉक बर्फावर गार करून पकडीत बसवला, चाक फिरवलं. पहिली रिबन झकास उतरली.

आणि नेमकं तेव्हाच दूध दाटून आलं. पाळणाघरात माझं बाळ या वेळेला भुकेने मुठी चोखत असतं. छातीला ते बरोबर कळतं. कुर्ता भिजला, आता दुधाचा पंप लावल्यावाचून सुटका नव्हती. ब्लॉक मध्येच सोडला तर मेण उबेने फुगतं, पुढचे काप जाड येऊन वाया जातात. इथे वाया घालवायला होतंच काय?

"बस इथे," मी शिट्टीला म्हटलं. आणि खुर्ची सोडली.

सामानाच्या खोलीत पंप लावून बसले, तर दूध उतरेना. भिंतीपलीकडे चाकाची खरखर चालू होती. थांब ना गं जरा, अडखळ ना! शेवटी डोळे मिटून बाळाची मऊ टाळू आठवली, तेव्हा कुठे धार लागली.

परत आले, तर रिबन आरशासारखी सपाट.

"बसा ताई, थोडं उरलंय," ती हळूच म्हणाली. "सगळे तुम्हीच कापले असं सांगू या."

अंगाचा तिळपापड झाला. आता हिची दया घ्यायची? पण तुकडा तिच्या हाताला बसला होता. हात बदलला तर नुकसान दाढीवाल्याचं.

"तू फिरव. मी उचलते."

ब्रशने तिची रिबन उचलली, श्वास रोखून पसरायला कोमट पाण्यावर सोडली. एक सुरकुती नाही.

"वा! कुणी कापले?" काप न्यायला आलेल्या दाढीवाल्याने शिट्टीला मशीनवर बघून विचारलं.

"पहिले मी. बाकीचे हिने," मी म्हणाले. कडू औषध गिळावं तसं.

तो गेल्यावर मी शिट्टीकडे वळले. "उद्यापासून सकाळी मशीन माझं, दुपारी तुझं. आणि दुपारी तुझे काप बिघडले तर मला फार बरं वाटेल, आधीच सांगून ठेवते."

ती फिसकन हसली. "सांगता कशाला, ताई? तोंडावर लिहिलंय."